आधी माथा, मग ओढा

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

लोकवर्गणी जमली, पोकलेन ठरलं, आता ओढा खोल आणि रुंद करायचा, असं तू कळवलंस. गावानं एवढा पैसा उभा केला, याचा मला फार आनंद झाला. पण पोकलेन थांबव.

आपल्या बालाघाटाच्या अंगाला पाणी धरतं ते मुरमात आणि त्याखालच्या मांजऱ्या, म्हणजे झिजलेल्या ठिसूळ खडकात. काळ्या पाषाणात भेग असेल तिथंच ते शिरतं. ओढ्यातला गाळ जरूर काढा, शेतकरी हौसेनं नेतील. वाळू, मुरूम मात्र राहू द्या. तळ पाषाणापर्यंत खरवडला की पाणी दिसतं, फोटोही छान येतात. पण ते कित्येकदा काठच्या विहिरींचंच झिरपलेलं असतं. आपल्या उन्हात ते उघड्यावर किती टिकणार?

2016 च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, कारण धनेगावचं मांजरा धरण आटलं होतं. 2025 च्या सप्टेंबरात त्याच मांजरेनं आणि सीनेनं काठची शेतं खरडून नेली. पाऊस आता मोठे खंड देतो आणि मग एकदम कोसळतो. सरळ, खोल केलेला ओढा ते पाणी खालच्या गावावर नेऊन सोडतो. ओढ्याला वळणं हवीत, काठाला करंज, उंबर, वाळा हवा, पुराला पसरायला जागा हवी.

म्हणून आधी डोंगरमाथ्यावर चढ. उताराला आडवे, एका पातळीत खणलेले सलग समतल चर, शेतांची बांधबंदिस्ती, घळीतले दगडी बांध, आणि ओढा सगळ्यांत शेवटी. चराईबंदीचा ठराव करण्याआधी ज्यांचं पोट शेळ्यांवर आहे त्यांच्याकडे जाऊन बस. डोंगराची एक बाजू त्यांना मोकळी ठेवा, नाहीतर तो ठराव कागदावरच राहील.

सगळ्यांत जड जाईल ते अतिक्रमण. ओढा बुजवून पेरणाऱ्यांत गावातली वजनदार माणसंच असतात. भूमी अभिलेखची मोजणी सगळ्यांसमोर होऊ दे, तू एकट्यानं कुणाशी वाद घालू नकोस.

दिवाळीनंतर आणि मार्चअखेर विहिरींत दोरी सोडून पातळी मोजा, शाळेच्या भिंतीवर लिहा. पाणी वाढलं म्हणून ऊस आणि बोअर वाढले, तर केलेलं सगळं दोन हंगामांत उपसून जाईल. हे ग्रामसभेत आत्ताच बोल, पाणी आल्यावर कुणी ऐकणार नाही.

पोकलेनवाल्याला आजच फोन कर. इसार बुडाला तरी चालेल.

तुझा,
काका