डीबीएमच्या प्रश्नावर अडलेली मुलाखत

सप्रेम नमस्कार.

आपले सविस्तर पत्र मिळाले. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एमडीएफवर, म्हणजे ग्राहकांच्या तारा जिथे जोडल्या जातात त्या मुख्य चौकटीवर, आपली नोकरी झाली आणि मुलगी आता पुण्यातच ई अँड टीसीच्या (इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकॉम अभियांत्रिकीच्या) तिसऱ्या वर्षाला आहे. इंटर्नशिपसाठी खराडीतील एका कंपनीत ती गेली, तेव्हा लघुरूपांची अख्खी वही पाठ असूनही पहिल्याच प्रश्नावर अडली. आता टेलिकॉम सोडून डेटा सायन्सचा महागडा क्लास लावण्याचा तिचा हट्ट आहे आणि तिला काय सांगावे, असे आपण विचारले आहे. मुलाखतीतला प्रश्नही आपण कळवलात, हे फार बरे केलेत. उणे ८५ डीबीएम आणि उणे ९५ डीबीएम यांतला चांगला सिग्नल कोणता, आणि किती पटींनी, असा तो प्रश्न होता.

उणे ८५ हा चांगला, आणि फरक १० डीबीचा म्हणजे शक्तीच्या दृष्टीने दहापट. डीबीएम ही एका मिलिवॅटच्या तुलनेत मोजलेली प्रत्यक्ष शक्ती आहे, डीबी हे दोन शक्तींचे गुणोत्तर आहे. म्हणून दोन डीबीएममधला फरक डीबीमध्येच सांगावा लागतो. शून्य डीबीएम म्हणजे एक मिलिवॅट, तर उणे ९० डीबीएम म्हणजे एका वॅटचा लाख-कोटीवा भाग, आणि एवढ्याशा शक्तीवर आपला मोबाईल व्यवस्थित चालतो. फुल फॉर्म सांगता येणे आणि या आकड्यांचा अंदाज असणे यांत मोठे अंतर आहे, आणि मुलाखत घेणाऱ्याने तेच तपासले. माझे स्पष्ट मत असे आहे की तिची शाखा चुकलेली नाही. अभ्यासाची वही चुकीच्या क्रमाने लावलेली आहे. वर्णानुक्रमाने पाठ केलेल्या लघुरूपांना एकमेकांचा आधार नसतो, त्यामुळे एक विसरले की बाकीची मदतीला येत नाहीत.

याऐवजी तिने प्रत्येक संज्ञा एखाद्या प्रत्यक्ष तक्रारीशी बांधावी. विसर्जन मिरवणुकीच्या रात्री लक्ष्मी रोडवर मोबाईलवर सिग्नलच्या सगळ्या काड्या दिसतात, तरी साधा फोटो पुढे जात नाही, हा अनुभव पुण्यात कोणाला नाही? टॉवरकडून येणाऱ्या संदर्भ-सिग्नलची ताकद आरएसआरपी सांगते, आणि गर्दी झाली म्हणून ती घटत नाही. घटतो तो प्रत्येकाचा वाटा. २० मेगाहर्ट्झच्या फोरजी कॅरिअरमध्ये, म्हणजे लहरींच्या पट्ट्यात, १०० रिसोर्स ब्लॉक (वाटपाचे छोटे तुकडे) असतात, प्रत्येक १८० किलोहर्ट्झचा, आणि हजारो ग्राहकांना ते वाटून घ्यावे लागतात. शेजारच्या टॉवरवरही भार असल्याने व्यत्यय वाढतो आणि एसआयएनआर, म्हणजे व्यत्यय व गोंगाट यांच्या तुलनेतली सिग्नलची ताकद, घसरतो. या एका उदाहरणात आरएसआरपी, एसआयएनआर, रिसोर्स ब्लॉक, कंजेशन (गर्दीची कोंडी) आणि थ्रूपुट (प्रत्यक्ष मिळणारा वेग) या पाच संज्ञा आपापल्या जागी बसतात, आणि काड्या भरलेल्या असताना नेट संथ का, या मुलाखतीत हमखास विचारल्या जाणाऱ्या प्रश्नाचे उत्तरही तयार होते.

दुसरे काम आपल्याला करायचे आहे, आणि ते आपल्याइतके चांगले कोणी करू शकणार नाही. एखाद्या रविवारी तिला शेजारी बसवून, ग्राहकाने रिसीव्हर उचलल्यापासून ठेवेपर्यंत एक्स्चेंजमध्ये काय काय घडत असे, ते क्रमाने सांगा: डायल टोन, अंक घेणे, त्या नंबरला एसटीडीची मुभा आहे का ते पाहणे, मार्ग निवडणे, घंटी, शेवटी मीटर. समोर तिने लिहावे की हेच काम टूजीमध्ये, फोरजीमध्ये आणि फाइव्हजीमध्ये कोण करते. ग्राहकाची नोंद टूजीत एचएलआरमध्ये असते, फोरजीत एचएसएसमध्ये, फाइव्हजीत यूडीएममध्ये. फोन नेटवर्कला जोडला जाताना त्याची नोंदणी आणि त्याच्या हालचालींचा माग फोरजीत एमएमई सांभाळतो, फाइव्हजीत एएमएफ. बीटीएस, नोडबी, ईनोडबी आणि जीनोडबी ही एकाच टॉवरच्या कामाची चार पिढ्यांतली नावे आहेत. आपल्या मीटरची जागा सीडीआर या, प्रत्येक कॉलचा तपशील ठेवणाऱ्या नोंदीने घेतली आहे. नावे दर पिढीला बदलतात आणि कामे बहुतांशी तीच राहतात, हे तिला आपल्या तोंडून कळले तर नव्या लघुरूपाची धास्ती उरणार नाही. जुन्या पिढ्या वाया जातात असेही नाही. २०२२ मध्ये भारतात फाइव्हजी सुरू झाले तेव्हा जिओने स्टँडअलोन, म्हणजे फाइव्हजीचा स्वतःचा कोअर (नेटवर्कची मध्यवर्ती यंत्रणा) असलेली रचना घेतली, पण एअरटेलने नॉन-स्टँडअलोन रचनेने, म्हणजे फोरजीच्या कोअरच्या आधारानेच सुरुवात केली.

शंका आली की तिने क्लासच्या नोट्सपेक्षा मुळाकडे जावे. मोबाईलची मानके ठरवणाऱ्या थ्रीजीपीपीचे दस्तऐवज विनामूल्य मिळतात. टीआर २१.९०५ हा त्यांचा शब्दसंग्रह आहे, तर फाइव्हजीची संपूर्ण रचना टीएस २३.५०१ मध्ये आहे. भाषा रुक्ष आहे, पण रोज एक पान नेटाने वाचले तर महिन्याभरात सवय होते.

आता डेटा सायन्सबद्दल. तिला प्रोग्रामिंगची खरीच आवड असेल तर तिला अडवू नये, पण त्यासाठी टेलिकॉम सोडण्याची गरज नाही. पुण्यात या दोन्हींच्या सीमेवरचे काम आहे: ॲमडॉक्ससारख्या कंपन्या दूरसंचार सेवादात्यांसाठी बिलिंगची आणि ग्राहकसेवेची सॉफ्टवेअर तयार करतात, आणि तिथे सीडीआर, प्रोव्हिजनिंग (ग्राहकाची सेवा सुरू करून देणे), चार्जिंग (वापराची आकारणी) या संज्ञा जाणणारा प्रोग्रामर वेगळा उठून दिसतो. प्रोटोकॉल टेस्टिंगसाठी, म्हणजे नेटवर्कमधल्या यंत्रांचे आपसांतले संदेश तपासण्यासाठी, पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा आणि असे संदेश टिपून दाखवणारे वायरशार्क यांची चांगली ओळख हवी. ड्राइव्ह टेस्टचे, म्हणजे गाडीतून फिरत सिग्नल मोजण्याचे काम शिकण्यासाठी उत्तम, मात्र ते बऱ्याचदा कंत्राटी असते आणि फिरती फार. ते स्वीकारण्यापूर्वी कराराची मुदत आणि प्रवासभत्ता लेखी विचारून घ्यावा. सरकारी क्षेत्राकडे कल असेल तर ‘गेट’ या अभियांत्रिकीच्या परीक्षेची तयारी याच वर्षी सुरू करावी लागेल.

क्लासची फी भरण्याचा निर्णय सहाव्या सत्राची परीक्षा होईपर्यंत थांबवा. तोवर तिने एक छोटा प्रकल्प करावा: घर ते कॉलेज या रोजच्या रस्त्यावर मोबाईलमधल्या एखाद्या विनामूल्य ॲपने आरएसआरपी आणि एसआयएनआर नोंदवावेत, पायथॉनने त्यांचा नकाशा काढावा आणि जिथे सिग्नल चांगला असूनही वेग कमी पडतो त्या जागांची कारणे दोन पानांत लिहावीत. तिचे टेलिकॉम आणि तिला हवे असलेले डेटाचे काम, दोन्ही त्यात येते. ती दोन पाने आणि मागच्या सत्रांच्या गुणपत्रिका मला पाठवा. क्लास लावावा की नाही, याचे उत्तर मी ती वाचून देईन.