राखेला घरातला व्हॅक्यूम क्लीनर लावू नका

"शेगडीतली राख काढली की खोलीभर पांढरा थर बसतो, व्हॅक्यूम क्लीनरनेच ओढून घेऊ का?" हा तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही. मी नेमकं हेच केलं होतं.

राख हाताला गार लागत होती. तरी मी आधी कंपनीच्या मदत केंद्राला फोन केला. "सुका कचरा ना, मग चालेल." राख किती जुनी, पिशवी कसली, एक प्रश्न नाही. मिनिटाभरात मागच्या जाळीतून भुकटी खोलीत यायला लागली. साध्या पिशवीत इतकी बारीक राख अडतच नाही. यंत्र बंद करून कोपऱ्यात ठेवलं, तर अर्ध्या तासाने जळका वास! राखेत दडलेल्या निखाऱ्याने आतली पिशवी धुमसत होती. यंत्र बाहेर नेऊन टाकलं म्हणून निभावलं. तक्रार केल्यावर त्याच केंद्राने "चुकीचा वापर" म्हणून हात झटकले. विचारून केलं होतं हो मी! तो राग अजून गेलेला नाही.

राख ऊब धरून ठेवते. वरून गार दिसली तरी पोटातला निखारा तीन-चार दिवसही जिवंत राहू शकतो. म्हणून डबा लोखंडी, घट्ट झाकणाचा, आणि तो भरल्या भरल्या घराबाहेर, भिंतीपासून लांब. घरात ठेवला तर निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइडही सुटतो.

धुळीचं म्हणाल तर पंखा बंद, धुराड्याची झडप उघडी. काडी विझवून तिचा धूर शेगडीच्या दाराशी धरा. आत ओढला गेला तरच हात घाला, म्हणजे उडालेली राख धुराड्यात जाईल. फावडं वरून रिकामं करू नका. डब्याच्या तळाला टेकवून हळूच तिरपं करा. माझ्या मते निम्मी धूळ इथेच वाचते. शेगडीत पाणी मात्र शिंपडू नका, ओली राख लोखंड खाते आणि कातडीला झोंबते.

माझी शेगडी लाकडाची, म्हणून मी तळाला बोटभर राख ठेवतो. पुढचा जाळ लवकर धरतो. कोळशाच्या शेगडीला जाळीखालून हवा लागते, तिथे हे चालणार नाही. तुमच्या शेगडीच्या पुस्तिकेत वेगळं सांगितलं असेल तर तेच ऐका.

धातूच्या टाकीचा, खास राखेसाठीचा व्हॅक्यूम मिळतो, पण तोही मी पूर्ण गार राखेलाच लावतो. जमिनीवर पडलेली राख झाडूने लोटू नका, ओल्या फडक्याने टिपा आणि तेव्हा हातमोजे घाला.