सगळं निसर्गनियमांनी किंवा प्रारब्धाने ठरत असेल, तर इच्छास्वातंत्र्य उरतं का?

उरतं, पण ‘कारणाशिवाय निवड’ असा हट्ट सोडावा लागतो. स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमची भूमिका साधारण हीच. रात्री वर्धा रोडच्या लाल सिग्नलला, पोलीस नसतानाही तुम्ही थांबता तेव्हा मेंदू नियमानेच चालतो, तरी थांबणं तुमचंच, कोणी हात धरलेला नसतो. (अणूंच्या पातळीवर काही गोष्टी योगायोगाने घडतात, या क्वांटम भौतिकीच्या मुद्द्याचा आधार नको. नाणेफेकीने ठरलेला निर्णय तुमचा कसा?) धर्माचं म्हणाल तर गीतेच्या अठराव्या अध्यायात ६१व्या श्लोकात ईश्वर सगळ्या प्राणिमात्रांना यंत्रावर बसवल्यासारखं फिरवतो, आणि दोनच श्लोकांनी कृष्ण म्हणतो, ‘यथेच्छसि तथा कुरु’! आपल्या दीक्षाभूमीवर १९५६ साली धम्म स्वीकारणाऱ्या बाबासाहेबांना तर गरिबी पूर्वजन्मीच्या कर्माने ठरते हेच अमान्य होतं. मात्र तुमचा ईश्वर सर्वज्ञ असेल, उद्याची निवड त्याला आजच ठाऊक असेल, तर एवढ्याने भागत नाही.