संगणक सल्ला : पेनड्राइव्हमध्ये काय काय ठेवू?

प्रश्न : दादा, मी अमळनेरजवळच्या खेड्यात राहतो. आयटीआयला कोपा (कॉम्प्युटर ऑपरेटरचा कोर्स) केलं आणि वर्षभरापासून घरी, दुकानात, जिनिंगवर जाऊन कॉम्प्युटर रिपेअर करतो. बऱ्याच ठिकाणी नेटच चालत नाही, मग एखादं सॉफ्टवेअर लागलं की परत अमळनेरला या आणि परत जा, मजुरी पेट्रोलमध्येच जाते. बॅगेत नेमकं काय काय ठेवलं पाहिजे?

उत्तर : भाऊ, यादी देतोच, पण आधी एक गोष्ट ऐक. सुरुवातीच्या दिवसांत मी चोपड्याकडे एका केळीच्या व्यापाऱ्याकडे गेलो होतो, पीसी खूप स्लो चालतो म्हणे, मला वाटलं विंडोज बिघडलं असेल म्हणून सरळ चेकडिस्क (डिस्कच्या चुका शोधून दुरुस्त करणारं विंडोजचंच टूल) लावून दिलं आणि ते दोन तास घासत बसलं. नंतर ती हार्डडिस्क बायोसमध्येसुद्धा (विंडोजच्या आधी उघडणारी मशीनची सेटिंग) दिसेना. तीन वर्षांचा टॅलीचा हिशोब त्यात होता आणि बॅकअप कुठेच नव्हता. त्या माणसाने मला चहा पाजला आणि एक शब्द बोलला नाही, ते मला अजून आठवतं.

म्हणून माझ्यासाठी पहिलं टूल क्रिस्टलडिस्कइन्फो, ते डिस्कची तब्येत सांगतं. फुकट आहे, इन्स्टॉल न करता चालणारं व्हर्जन पण मिळतं. निळं दिसलं तर ठीक, पिवळं किंवा लाल दिसलं तर हात थांबव. रिअ‍ॅलोकेटेड, करंट पेंडिंग आणि अनकरेक्टेबल सेक्टर, म्हणजे डिस्कवरच्या खराब किंवा संशयित जागांचे, हे तीन आकडे बघायचे (ते हेक्समध्ये, म्हणजे अंकांत अक्षरं मिसळलेले दिसतात, सेटिंगमधून डेसिमल म्हणजे नेहमीचे आकडे करून घे नाहीतर घोळ होतो). पेंडिंग सेक्टर वाढत असतील तर चेकडिस्क नको, फॉरमॅट नको, डिफ्रॅग तर अजिबात नको, आधी डेटा बाहेर काढायचा. डिस्क थोडी फार वाचत असेल तर सिस्टमरेस्क्यूवरून (पेनड्राइव्हवरून चालणारं दुरुस्तीचं लिनक्स) बूट करून त्यातलं डिस्कची कॉपी घेणारं डीडीरेस्क्यू चालव, ते आधी चांगला भाग उचलतं आणि खराब जागेशी नंतर झगडतं, आणि मॅपफाइल (कुठवर कॉपी झालं त्याची नोंद) दिली असेल तर लाइट गेली तरी जिथे थांबलं तिथून पुढे चालू होतं. आपल्याकडे लाइटचं काय सांगावं, ही सोय सोन्यासारखी आहे. कॉपी घेताना सोर्स आणि टार्गेट दोनदा वाच, उलटं झालं तर चांगला डेटाच पुसला जाईल. फाइल चुकून डिलीट झाली असेल किंवा पार्टिशन उडालं असेल तर टेस्टडिस्क आणि फोटोरेक, पण रिकव्हर केलेलं त्याच डिस्कवर कधीच सेव्ह करू नको. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर काहीच करू नको, बंद कर आणि डेटा रिकव्हरीवाल्याकडे पाठवायला सांग. गिऱ्हाइकाला हे तोंडावर सांगायला लाजायचं नाही.

आता पेनड्राइव्ह. ६४ जीबीचा, यूएसबी ३ वाला, थोडा चांगला घे. त्यावर व्हेन्टॉय टाक, मग प्रत्येक वेळी पेनड्राइव्ह फॉरमॅट करायची झंझट नाही, आयएसओ फाइल (विंडोज किंवा टूलची पूर्ण डिस्क एकाच फाइलमध्ये) नुसती कॉपी करायची आणि बूट करताना मेन्यूतून निवडायची. सिक्युअर बूट (ओळखीच्या सॉफ्टवेअरवरूनच बूट होऊ देणारी सेटिंग) चालू असेल तर त्या मशीनवर पहिल्यांदा की एनरोल करायला, म्हणजे व्हेन्टॉयची ओळख नोंदवायला विचारतो, घाबरू नको. त्यात विंडोज १० आणि ११ चे मायक्रोसॉफ्टच्या साइटवरूनच घेतलेले आयएसओ, हिरेन्स बूटसीडी पीई (पेनड्राइव्हवरून चालणारं दुरुस्तीचं विंडोज), सिस्टमरेस्क्यू, क्लोनझिला (पूर्ण डिस्कची कॉपी घेणारं) आणि मेमटेस्ट८६ प्लस (रॅम तपासणारं). रॅमचा संशय असेल तर मेमटेस्टचा निदान एक पूर्ण पास होऊ दे, घाईत अर्ध्यावर बंद करून "रॅम चांगली आहे" म्हणू नको.

ड्रायव्हरचा फोल्डर वेगळा ठेव. ११व्या जनरेशनपासूनच्या बऱ्याच इंटेल लॅपटॉपवर विंडोज टाकताना डिस्कच दिसत नाही, पोरं समजतात एसएसडी गेली, पण तिथे इंटेलचा व्हीएमडी (स्टोरेजचा) ड्रायव्हर लोड केला की दिसते. वायफायचा ड्रायव्हर नसला तर मोबाइल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग कर, रेंज असेल तर बहुतेक वेळा काम होतं.

बिटलॉकरचं, म्हणजे विंडोजच्या एन्क्रिप्शनचं (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करण्याचं), मात्र नीट लक्षात ठेव. नव्या विंडोज ११ लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं की एन्क्रिप्शन आपोआप चालू झालेलं असतं आणि मालकाला पत्ताच नसतो. तू बायोसमध्ये सिक्युअर बूट बदललंस की ४८ अंकी की मागतो. आधी त्यांच्या अकाउंटमध्ये की आहे का ते त्यांच्याच मोबाइलवर उघडून बघ, मगच बायोसला हात लाव.

नको त्या जाहिराती आणि टूलबार घुसवणारे प्रोग्रॅम काढायला अ‍ॅडडब्ल्यूक्लीनर, आणि सुरू होताना काय काय लोड होतं ते बघायला मायक्रोसॉफ्टचं ऑटोरन्स. मेमध्ये पारा ४५ ला टेकला की मशीन आपोआप बंद पडायच्या तक्रारी येतातच, तेव्हा लिब्रे हार्डवेअर मॉनिटरवर टेम्परेचर बघ. एचडब्ल्यूइन्फो पण छान आहे, पण ते कमर्शियल वापराला फुकट नाही आणि आपण तर धंदा करतो. जिनिंगमधल्या पीसीत तर सरकीचा आणि कापसाचा तंतू पंख्यात नमद्यासारखा बसलेला असतो, तिथे सॉफ्टवेअरपेक्षा ब्लोअर आणि थर्मल पेस्ट.

क्रॅक अ‍ॅक्टिव्हेटर (लायसन्सशिवाय विंडोज वगैरे चालू करणारे चोरटे प्रोग्रॅम) बॅगेत ठेवू नको. गिऱ्हाईक मागेल, बाजूचा टेक्निशियन टाकून देतो म्हणेल, तरी नाही. त्यातूनच पासवर्ड चोरणारे प्रोग्रॅम येतात आणि नाव तुझं जातं. तुझा पेनड्राइव्ह दुसऱ्याच्या व्हायरसवाल्या मशीनला लागणारच, म्हणून राइट प्रोटेक्टचं (पेनड्राइव्हवर काही लिहू न देणारं) बटण असलेला मिळाला तर तोच घे आणि एक कॉपी घरी ठेव.

प्रश्न : शहाद्याला माझं सेवा केंद्र आहे. मागच्या महिन्यात एका टेक्निशियनने कॉम्प्युटर फॉरमॅट करून दिला, तर मराठी फॉन्ट गेले, अंगठ्याचं मशीन चालेना, दोन दिवस केंद्र बंद. पुढच्या वेळी काय सांगू?

उत्तर : ताई, फॉरमॅटच्या आधी कागदावर लिहून काढा : मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर कोणतं, फॉन्ट कोणते, प्रिंटरचं मॉडेल, अंगठ्याच्या मशीनची आरडी सर्व्हिस (आधारसाठी अंगठा घेणारं सॉफ्टवेअर), डिजिटल सहीच्या डोंगलचा ड्रायव्हर. विंडोजच्या फॉन्ट फोल्डरमधले जुने श्रीलिपी, सुरेख वगैरे फॉन्ट कॉपी करून घ्या, युनिकोडमध्ये टाइप केलेलं कुठेही वाचता येतं पण जुन्या फॉन्टमधल्या फाइली त्या फॉन्टशिवाय नुसत्या गिचमिड दिसतात. डाउनलोड आणि डेस्कटॉप दोन्ही बघायला लावा, ब्राउझरचे पासवर्ड आणि बुकमार्क पण. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, आणि तुमच्याकडे तर लोकांची आधारची कामं होतात, म्हणून मशीन ११ ला चालतं का तेही एकदा विचारून घ्या. आणि शक्य असेल तर नवीन एसएसडीवरच विंडोज टाकायला सांगा, जुनी डिस्क काढून पंधरा दिवस कपाटात ठेवा, तोवर काय राहून गेलं ते समजेल.