मुलगा रात्रभर बीट बनवतो, त्याला पुण्याला जाऊ देऊ का?

प्रश्न: नमस्कार सर. माझा मुलगा १८ वर्षांचा आहे, यंदा बीसीएला ॲडमिशन घेतलंय पण लक्ष सगळं लॅपटॉपवर, रात्री दोन-अडीचपर्यंत हेडफोन लावून बीट, म्हणजे रॅप गाण्यामागचं संगीत, बनवत बसतो. पुण्यातल्या एका रॅपर मुलाला त्याने २००० रुपयांना एक बीट दिला, गाणं आलं पण त्यात याचं नावच नाही. दोन दिवस धड जेवला नाही. आता म्हणतो मेट्रो बूमिनची आई त्याला गाडीने स्टुडिओत न्यायची आणि तू मला पुण्यालाही जाऊ देत नाहीस. कोण हा, आणि हे खरं आहे का? याचे बाबा तर लॅपटॉप विकायचं म्हणतायत.
एक आई, सोलापूर

उत्तर: ताई, आधी तो लॅपटॉप वाचवा, बाकीचं नंतर बोलू.

मुलगा सांगतोय ते खरं आहे. मेट्रो बूमिन म्हणजे लेलँड वेन, रॅप गाण्यांचे बीट बनवणारा नावाजलेला प्रोड्युसर, जन्म १९९३ चा, अमेरिकेतल्या सेंट लुईसचा पोरगा. शाळेच्या बँडमध्ये बेस गिटार वाजवायचा, तेराव्या वर्षी लॅपटॉप मिळाला आणि त्यात फ्रूटीलूप्स हे बीट बनवायचं सॉफ्टवेअर, म्हणजे आजच्या एफएल स्टुडिओचंच जुनं नाव, तुमचा मुलगाही बहुतेक त्यातच काम करत असेल. त्याला खरं तर रॅपर व्हायचं होतं, रॅप करायला बीट लागतात म्हणून स्वतःच बनवायला लागला आणि तिथेच रमला, हायस्कूलमध्ये असताना दिवसाला पाच-पाच बीट करायचा. ते ऑनलाइन रॅपर्सना पाठवत राहायचा, मग हळूहळू अटलांटाहून बोलावणं यायला लागलं, कारण तो जे करत होता त्या ट्रॅप नावाच्या रॅप प्रकाराचं माहेरच अटलांटा. आता सेंट लुईस ते अटलांटा हा आठ तासांच्या वरचा रस्ता, आपल्याकडे समृद्धीवरून नागपूर ते मुंबई धरा. तेवढं अंतर त्याची आई गाडी चालवत त्याला न्यायची, तो स्टुडिओत रॅपर्सबरोबर बसायचा आणि मग परत घरी, शाळा होतीच ना. मला या सगळ्या गोष्टीत तीच बाई सगळ्यात मोठी वाटते.

पुढचं पण नीट सांगतो कारण मुलं त्यातलं अर्धंच सांगतात. २०१२ ला तो अटलांटाच्या मोरहाऊस कॉलेजात शिकायला गेला, मार्टिन ल्यूथर किंग जिथे शिकले तेच कॉलेज, आणि एका सेमिस्टरनंतर सोडलं. पण सोडलं तेव्हा हातात काम होतं, २०१३ च्या सुरुवातीला फ्युचर नावाच्या रॅपरचं 'कराटे चॉप' याच्या बीटवर आलं तेव्हा हा १९ चा. २०१७ च्या जानेवारीत मिगोस या रॅप ग्रुपचं 'बॅड अँड बूजी', तेही याच्याच बीटवरचं, अमेरिकेत एक नंबरला गेलं, २०१८ ला याचा स्वतःचा अल्बम एक नंबरला. २०२२ ला आई गेली. त्याच डिसेंबरात पुढचा अल्बम आला, तोही एक नंबरला, ते बघायला ती नव्हती याचं मला अजून वाईट वाटतं.

आता त्या २००० रुपयांचं. त्याचं जेवण का उतरलं नाही ते मला बरोबर कळतं, माझ्या सुरुवातीच्या काळात एका स्टुडिओने माझी जिंगल तीन वर्षं वाजवली आणि नाव दुसऱ्याचं लावलं, तो राग वीस वर्षांनीही जात नाही. मेट्रोच्या गाण्यांत सुरुवातीला एक छोटी ओळ ऐकू येते, एक फ्युचरच्या आवाजातली, एक यंग थग या रॅपरच्या, त्यात याचं नाव असतं. त्याला टॅग म्हणतात. बीट कोणाचा हे लपवताच येत नाही. मुलाला सांगा आजपासून टॅग लावल्याशिवाय एकही बीट बाहेर पाठवायचा नाही, आणि बीट विकताना लीज (भाड्याने, तोच बीट इतरांनाही देता येतो) की एक्स्क्लुझिव्ह (फक्त त्यालाच), नाव कुठे येणार, रॉयल्टीत वाटा किती, हे लेखी हवं, साधा ईमेल असला तरी चालेल. आपल्याकडे २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीनंतर संगीतकाराचा रॉयल्टीचा हक्क असा सहज लिहून घेता येत नाही, आणि ती गोळा करायला मुंबईत आयपीआरएस आहे, १९६९ पासूनची संस्था, गाणी बाहेर आली की मेंबर व्हायचं.

अजून एक, दुसऱ्याच्या गाण्याचा तुकडा कापून वापरत असेल तर ते आधीच विचारून घ्या. नेदरलँड्सच्या यंगकिओ नावाच्या पोराचा बीट लिल नॅस एक्स या अमेरिकन रॅपरने ३० डॉलरला घेतला, त्याचं 'ओल्ड टाऊन रोड' झालं, २०१९ मध्ये १९ आठवडे एक नंबरवर. पण त्यातला बँजो नाइन इंच नेल्स या रॉक बँडच्या रेकॉर्डिंगमधला, त्यामुळे त्या मंडळींचं नाव आणि वाटा द्यावाच लागला.

पुण्याला जाऊ द्या. पहिल्यांदा तुम्ही किंवा त्याचे बाबा सोबत जा, बाबा गेले तर जास्त बरं, स्टुडिओत एक तास बसून बघू दे त्यांना पोरगा काय करतो ते. सुट्टीत, शनिवार-रविवारी. बीसीए सोडायचा विषय पैसे देणारं काम दारात आल्यावर काढू.

आणि त्या जुन्या बीटची प्रोजेक्ट फाईल तारखेसकट दोन ठिकाणी सेव्ह करून ठेवायला सांगा, आजच. मग त्या रॅपर मुलाला शांतपणे मेसेज करायचा की भावा, गाण्याखाली प्रोड्युसर म्हणून माझं नाव टाक. पुष्कळदा तेवढ्याने होतं. नाही झालं तर मला परत लिहा.