स्थळप्रत परत येईपर्यंत

बाय,

गोव्यात कळंगुटला नेपाळी कामगारांसाठी मदतीचं टेबल मांडणार आहेस, आणि त्याआधी मेक्सिकोच्या दूतावासांचा प्रयोग वाचून काढलास, हे बरं केलंस. 2003 च्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या मेक्सिकन वाणिज्य दूतावासांत ‘आरोग्य खिडकी’ सुरू झाली. माणूस यायचा पासपोर्टसाठी, तिष्ठत बसायचा. तेवढ्यात त्याच्याच भाषेत कुणीतरी त्याचा रक्तदाब बघायचं, परवडेल असा दवाखाना सांगायचं. जागा दूतावासाची, राबणारी माणसं स्थानिक संस्थांची. प्रौढांच्या राहिलेल्या शिक्षणाचे वर्गही असेच जोडले गेले. लोक ज्या कागदासाठी आपण होऊन येतात त्याच्या रांगेशेजारी बसायचं, एवढी त्यातली युक्ती.

आपल्याकडे ती रांग कुठे? पणजीत पोर्तुगालचा वाणिज्य दूतावास आहे, पण तिथे गर्दी गोंयकारांची. नेपाळचा राजदूतावास दिल्लीत, महावाणिज्य दूतावास कोलकात्यात. म्हणून तुझी रांग आधार कार्डाची. नेपाळी माणसाला इथे राहायला व्हिसा लागत नाही, पण आधारसाठी मागच्या 12 महिन्यांत 182 दिवसांचं वास्तव्य आणि नेपाळचा पासपोर्ट लागतो. पासपोर्ट नसेल तर नागरिकता प्रमाणपत्र आणि जोडीला दूतावासाने दिलेलं मर्यादित मुदतीचं फोटो ओळखपत्र. घोडं अडतं ते या दुसऱ्या कागदापाशी. त्याचा अर्ज भरून दे, सोबत काय जोडायचं ते दर खेपेस दूतावासाला विचारून घे, आणि नावाचं इंग्रजी स्पेलिंग सगळीकडे अक्षर न् अक्षर जुळव. एका कागदावर ‘बहादुर’ला यू आणि दुसऱ्यावर डबल ओ, एवढ्यावर अर्ज परत येतो. नागरिकतेचा फोटो मात्र आपल्या मोबाइलमध्ये ठेवायचा नाही.

टेबलाची वेळ दुपारी साडेतीन ते सहा ठेव. रात्रपाळीचा रखवालदार सकाळी झोपलेला असतो, हॉटेलातल्यांना दुपारच्या जेवणाची धांदल उरकल्यावर उसंत मिळते. रक्तदाब मोजण्याआधी माणसाला पाच मिनिटं टेकून बसव, हात हृदयाच्या पातळीला, पट्टा उघड्या दंडावर; दोनदा मोज. जाड दंडाला मोठा पट्टा लागतो, लहान पट्टा आकडा उगीच वाढवून दाखवतो. 180/120 च्या वर आला आणि छातीत दुखतंय, दम लागतोय किंवा जीभ अडखळतेय, तर दवाखान्याची चिठ्ठी लिहीत बसू नकोस, 108 ला फोन लाव. आकडा मोठ्याने सांगायचा नाही. मुकादम शेजारीच उभा असतो.

चिठ्ठी दोन भागांची छापून घे. वरचा भाग त्याच्याकडे: कांदोळीचं आरोग्य केंद्र, वार, वेळ, केसपेपर कुठे काढायचा, सोबत काय न्यायचं. खालची स्थळप्रत, म्हणजे आपल्यापाशी राहणारी प्रत, तुझ्याकडे, तीवर दोन फोन नंबर: एक त्याचा, एक गाववाल्याचा, कारण सिम बदलत राहतात. तिसऱ्या दिवशी फोन कर. ‘गेलो होतो’ एवढ्यावर समाधान मानू नकोस. कोण भेटलं, काय दिलं, पुन्हा कधी बोलावलं हे विचारून स्थळप्रतीवर लिही. किती चिठ्ठ्या दिल्या हा आकडा अहवालात शोभतो, पण काम मोजायचं ते भरलेल्या स्थळप्रतींवरून.

क्षयाच्या बाबतीत हंगामाकडे लक्ष ठेव. साध्या क्षयाचा उपचार सहा महिन्यांचा. मार्चमध्ये गोळ्या सुरू झाल्या आणि मेअखेर किनाऱ्यावरचे शॅक उतरले, की माणूस गावी निघतो. तीन महिन्यांनी बरं वाटतच असतं, गोळ्या सुटतात. रुग्ण बिहारचा असेल तर ‘निक्षय’ या क्षयरुग्णांच्या सरकारी ऑनलाइन नोंदवहीवरून नोंद तिथल्या केंद्राकडे वळवता येते. नेपाळच्या सीमेपलीकडे ती जात नाही. म्हणून एप्रिलमध्येच विचार: ‘घर कधी जाणार?’ आणि आरोग्य केंद्राकडून पत्र घे, त्यात औषधांची मूळ नावं, वजन, सुरू केल्याची तारीख, झालेले डोस, पुढची थुंकी-तपासणी कधी. वाटेत आणि तिथे नाव नोंदेपर्यंत पुरतील एवढ्या गोळ्याही मागून घे. नेपाळातही क्षयाचे उपचार मोफत आहेत, तेव्हा पत्र घेऊन गेला तर अडणार नाही.

खर्चाचं आधीच स्पष्ट बोल. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेला, म्हणजे गोवा सरकारच्या आरोग्य विम्याला, गोव्यात पाच वर्षांचं वास्तव्य लागतं, आणि बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात) 2018 पासून बाहेरच्यांना शुल्क आहे. ‘सगळं फुकट होईल’ असं सांगून पाठवलंस तर तो माणूस बिल बघून परत यायचा, आणि चार जणांना अडवायचा.

शाळेचं त्यामानाने सोपं. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात हक्क ‘मुला’ला आहे, 6 ते 14 वयाच्या, त्या व्याख्येत नागरिकत्वाची अट नाही. वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही (कलम 14), आणि इयत्ता वयाला साजेशी द्यायची (कलम 4). शिक्षिका दाखला मागतील तेव्हा वाद घालू नकोस, त्या पानाची प्रत पुढे ठेव. जवळच्या सरकारी मराठी किंवा कोंकणी प्राथमिक शाळेचं नाव आधी सुचव, कारण गावात एखादी इयत्ता शिकून आलेल्या नेपाळी मुलीला देवनागरी वाचता येते. फक्त ‘ळ’ तिच्या वर्णमालेत नसतो. पहिल्या दिवशी पाटीवरचं ‘शाळा’ ती ‘शा’ म्हणून थांबेल. बाईंना हे आधी सांगून ठेव, नाहीतर तिला वाचताच येत नाही असं समजून पहिलीत बसवतील.