सासूबाईंची बरणी शोकेसमध्ये ठेवू का?

प्रश्न : सासूबाईंची चिनी मातीची जुनी बरणी आहे, वर तपकिरी, खाली पांढरी. सून म्हणते आता शोकेसमध्ये ठेवूया. लोणचं घालणं बंद करू का? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : अजिबात नको ताई, आतून तडा नसेल तर बिनधास्त घाला! काचेसारख्या झिलईला मीठ-आंबट खात नाही म्हणून तर ती लोणच्याची, बोट फिरवून बघा, आत गुळगुळीत आणि बुडाला झिलई नसते तिथं खरखरीत. आणि मानाचं म्हणाल तर ‘चिगुसा’ बघा, दक्षिण चीनमध्ये 13व्या-14व्या शतकात साठवणीसाठी घडवलेली साधी बरणी, जपानला गेली, चहाची पानं ठेवता ठेवता चहाविधीत मानाची झाली, लोकांनी तिला नाव दिलं आणि 16व्या शतकात तिच्या झिलईचं वर्णन डायऱ्यांमध्ये लिहून ठेवलं! आज ती वॉशिंग्टनच्या म्युझियममध्ये आहे. वापरामुळेच मोठी झाली ना ती.